दाखला कागदाचा, भिंत मातीची

पातूर तालुक्यात पावसाळा ओसरला की दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एक, पडलेली भिंत उभी करण्याचे. दुसरे, ती पडली होती हे सिद्ध करण्याचे. पहिल्या कामाला माती, पाणी, कुटार आणि घरच्या माणसांची मेहनत लागते. दुसऱ्याला पंचनामा, नमुना आठचा उतारा, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, छायाचित्र आणि पुष्कळ हेलपाटे लागतात. पहिले काम आठवड्या-पंधरवड्यात उरकते. दुसरे पुढचा पावसाळा दाराशी आला तरी संपेलच असे नाही. ग्रामीण घरांच्या नियमनाचा विचार करताना समाजवादी चळवळीने ह्याच विसंगतीपासून आरंभ केला पाहिजे. शासन गरिबाच्या घराकडे दाखला मागते. ते घर उभे राहील की नाही हे पाहण्याची जबाबदारी मात्र स्वीकारत नाही.

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या बोलीत शेतजमीन म्हणजे ‘काळी’ आणि गावठाण म्हणजे ‘पांढरी’. हा शब्दभेद केवळ रंगाचा नाही. त्यात पिढ्यांच्या अनुभवातून आलेले बांधकामशास्त्र आहे. काळी जमीन पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. तिच्यावर उथळ पायाने उभ्या केलेल्या भिंतीला तडे जातात. म्हणून वस्ती पांढरीवर, भिंती पांढऱ्या मातीच्या आणि धाब्यावरचा थरही त्याच मातीचा. पातूर तालुक्याच्या दक्षिणेला डोंगर व मुरमाड जमीन, उत्तरेला काळे सपाट रान. कोठे पाया किती खोल न्यावा, कवेलूच्या छपराला उतार किती द्यावा, कुडाला तुराट्या घ्याव्या की पऱ्हाट्या, हे ज्ञान गवंडी, सुतार व कुंभार ह्यांच्या हातांत आणि दरवर्षी भिंत सारवणाऱ्या स्त्रीच्या नजरेत होते. पुढे लोकसंख्या वाढली, गावठाण अपुरे पडले आणि नवी वस्ती पांढरी सोडून काळीवर सरकली. विटा, सिमेंट, लोहा आणि टिनपत्रे आली. जुने ज्ञान अपुरे ठरले. नवे ज्ञान मात्र सिमेंटच्या पोत्याबरोबर गावात आले नाही.

ते ज्ञान देशात नव्हते असे नाही. रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने फुगणाऱ्या काळ्या जमिनीसाठी तळाशी फुगीर केलेल्या खांबांचा पाया फार पूर्वीच विकसित केला. भारतीय मानक ब्यूरोने १९९३ साली मातीच्या घरांना भूकंपात अधिक टिकाऊ कसे करावे ह्याची स्वतंत्र मार्गदर्शिका (क्रमांक १३८२७) काढली. म्हणजे मातीचे घर हे शास्त्राच्या दृष्टीने त्याज्य नव्हे. शासकीय कारभाराने मात्र त्याला ‘कच्चे’ असे नाव देऊन निकालात काढले. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावे लागले. अशा उन्हाळ्यात टिनपत्र्याखाली दुपार काढणाऱ्या कुटुंबाला जाड मातीच्या भिंतीची किंमत सरकारी व्याख्येहून अधिक नेमकी कळते.

आता कायद्याकडे वळू या. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे गावाच्या हद्दीत इमारत उभारण्यास अथवा पुन्हा उभारण्यास परवानगी लागते. शहरी हद्दीत १९६५ चा नगरपरिषद अधिनियम. दोहोंवर १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. पातूर शहराला नगरपरिषद आहे, लगतच्या शिर्ल्याला ग्रामपंचायत. तेव्हा एकाच मातीची, एकाच गवंड्याने रचलेली भिंत हद्दीच्या अलीकडे एका कायद्याखाली व पलीकडे दुसऱ्या कायद्याखाली येते. १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४३ ने घराच्या आतली किंवा बाह्य स्वरूप फारसे न बदलणारी देखभाल व दुरुस्ती परवानगीच्या अटीतून वगळली आहे. ही तरतूद न्याय्य आहे. पण ती ज्याच्या उपयोगाची, त्याच्यापर्यंत ती पोचलेली नाही. शिवाय खरी अडचण दोन शब्दांच्या मध्ये आहे. सिमेंटच्या घराची दुरुस्ती म्हणजे गिलावा व रंग. मातीच्या घराची दुरुस्ती म्हणजे पुष्कळदा सबंध भिंत नव्याने रचणे. ही ‘दुरुस्ती’ की ‘पुन्हा उभारणी’? कायदा हा प्रश्न विचारीत नाही, म्हणून त्याचे उत्तर स्थानिक कारभाऱ्यांच्या मर्जीवर राहते. जेथे नियम संदिग्ध तेथे मर्जी बलवान होते, आणि मर्जीची किंमत नेहमी दुबळाच मोजतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोणाच्या बाजूने उभे राहिलो, ह्यावर भिंतीचे भवितव्य ठरणे हे लोकशाहीला लांच्छनास्पद आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याने मुंबई व काही क्षेत्रे वगळून सर्वत्र एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू केली. पाठोपाठ २०२१ मध्ये ग्रामीण भागासाठी सवलत जाहीर झाली. सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधणाऱ्याने मालकीची कागदपत्रे, नकाशे व ते नियमांनुसार असल्याचे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र ग्रामपंचायतीस सादर करून शुल्क भरले की पुरे. ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने छाननी न करता दहा दिवसांत बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र द्यावे. नगररचनाकाराच्या कचेरीचे खेटे वाचले हे चांगलेच झाले, आणि ते मान्य करण्यात कोतेपणा नसावा. परंतु ह्या सवलतीचा आशय तपासला पाहिजे. शासनाने तपासणीचा भार कमी केला नाही. तो स्वतःच्या खांद्यावरून उतरवून खाजगी सहीवर टाकला. आलेगाव किंवा चान्नीच्या शेतमजुराला परवानाधारक अभियंता कोठे भेटणार? तो शहरात असतो आणि त्याची फी असते. ज्याच्याकडे ती देण्याची ऐपत नाही त्याच्या दृष्टीने परवान्याचे दार पूर्वी नगररचनाकाराने अडवलेले होते, आता सहीच्या दराने अडवलेले आहे. आणि छाननीच नसेल तर त्या सहीने भिंत सुरक्षित होते, की केवळ कागद पूर्ण होतो?

वास्तविक गावात घराविषयी जे कागद असतात ते घराविषयी फारसे काही सांगत नाहीत. नमुना आठ ही कराच्या आकारणीची नोंद. तिने मालकीही निर्विवाद सिद्ध होत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचे काम झाले. ती जमिनीची हद्द सांगते. परवान्याचा दाखला शुल्क भरल्याचे सांगतो. ह्यांतील एकही कागद असे सांगत नाही की, ह्या घराचा पाया मुरमापर्यंत गेला आहे, ह्याची आडवी बल्ली किडलेली नाही, ह्या छताखाली लेकरे निर्धास्त झोपू शकतील. महसूल आणि मालमत्ता ह्यांचे रक्षण करणारी ही दाखलापद्धती आहे. माणसाचे रक्षण तिच्या कक्षेत आलेलेच नाही.

भिंत पडल्यावर मिळणाऱ्या मदतीचेही असेच. २०२२ ते २०२६ ह्या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या आपत्ती मदतीच्या निकषांत अंशतः पडझड झालेल्या कच्च्या घराला ४,००० रुपये आणि पक्क्या घराला ६,५०० रुपये होते. अट अशी की नुकसान किमान १५ टक्के असावे. मातीच्या घराचे १५ टक्के कसे मोजायचे? एक बाजूची भिंत बसली की आढ्याचा सारा भार उरलेल्या तीन भिंतींवर येतो. मोजमापाच्या फितीला एक भिंत दिसते, राहणाऱ्याला सबंध घर धोक्यात दिसते. २०२४ मध्ये तलाठ्याचे ‘ग्राम महसूल अधिकारी’ व ग्रामसेवकाचे ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असे नामांतर झाले. पंचनाम्याच्या ह्या अंकगणितात मात्र त्याने काही फरक पडला नाही.

घरकुलाचा मार्ग आहे असे सांगितले जाते. पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाट प्रदेशातील घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. २०२४ मध्ये योजना पुढे चालू ठेवतानाही केंद्राने तोच आकडा कायम केला. हे अनुदान नव्या पक्क्या घरासाठी आहे, जुने घर सावरण्यासाठी नाही. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत १९९९-२००० पासून कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी निधीचा २० टक्क्यांपर्यंतचा वाटा ठेवता येत असे; ती वाट पुढे बुजली. परिणामी धोरणाची शिकवण अशी झाली की, घर हळूहळू पडू द्यावे, पूर्ण पडल्यावर यादीत नाव येण्याची वाट पाहावी. थोड्या खर्चात जे वाचले असते ते मोठ्या खर्चात पुन्हा बांधायचे, आणि मधली वर्षे ताडपत्रीखाली काढायची, ह्याला काटकसर म्हणता येत नाही.

दुरुस्तीला सार्वजनिक कार्य मानण्याचा मोठा प्रयोग महाराष्ट्रात एकदा झाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदाची माती ह्यांखाली हजारो माणसे गाडली गेली. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे स्थलांतर झाले, ह्याची आठवण सर्वांना आहे. त्याच कार्यक्रमात इतर गावांतील दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतले गेले, ह्याची आठवण फार थोड्यांना आहे. छतावरील मातीचे ओझे कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, भिंतींना वरून पट्ट्याने बांधणे असे ते साधे उपाय होते. त्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून उभ्या राहिल्या. अभियंता व कुटुंब ह्यांच्यामधला दुवा त्या झाल्या.

ह्या प्रयोगाची मर्यादाही नजरेआड करता कामा नये. पुष्कळ कुटुंबांनी जुनी भिंत मजबूत करण्यापेक्षा त्या पैशात विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधणे पसंत केले. दगड-मातीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. ह्याचा दोष लोकांना देता येत नाही. ज्या तंत्राला शासनाने एरवी कधी प्रतिष्ठा दिली नाही, त्यावर संकटाच्या घडीला लोकांनी जीव सोपवावा ही अपेक्षा चूक. विश्वास आपत्तीनंतर वाटता येत नाही. तो आपत्तीच्या आधी, वर्षानुवर्षे, गावातल्या गवंड्यामार्फत रुजवावा लागतो.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, परवानगी सैल केली तर रस्ते बुजतील, गायरानावर अतिक्रमणे वाढतील. समाजवाद्यांना नियम नकोत असे नाही. गावचा रस्ता, नाला व गायरान ही सामूहिक मालमत्ता आहे आणि तिच्यावर हात टाकणारा बहुधा मातीच्या घरातला नसतो. आहे त्याच जोत्यावर, आहे त्याच उंचीची भिंत पुन्हा रचणाऱ्याने कोणाचाही रस्ता बुजत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. पण गरिबाने प्रत्येकी एकेक सही विकत घ्यावी ह्यापेक्षा तालुक्याला चार अभियंते सार्वजनिक खर्चाने नेमणे समाजाच्या हिशेबात स्वस्तच पडेल. साथीच्या रोगासाठी आरोग्यसेवक गावात येतो, तेव्हा तो रोग्याकडे प्रथम दाखला मागत नाही. घर हाही आरोग्याचाच प्रश्न आहे.

तेव्हा चळवळीच्या मागण्या स्पष्ट असाव्यात. जुन्या जोत्यावर व जुन्या उंचीपर्यंत पडलेली भिंत वा छप्पर पुन्हा उभारणे ही दुरुस्तीच होय, तिला केवळ लेखी सूचना पुरे, शुल्क नाही, असे शासनाने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे. लहान भूखंडावरील घरासाठी लागणारे तांत्रिक प्रमाणपत्र पंचायत समितीच्या अभियंत्याने विनामूल्य द्यावे, तेही जागेवर येऊन पाया पाहून. घरकुलाच्या निधीत दुरुस्तीचा वाटा पुन्हा राखून ठेवावा. ग्रामीण गवंड्यांसाठी जे ४५ दिवसांचे प्रशिक्षण आखलेले आहे, त्यात माती, कवेलू व काळ्या जमिनीतील पाया ह्यांचा समावेश व्हावा. बांधकाम मजुराला ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यासाठी दारोदार फिरावे लागते. त्याच्या हातच्या कौशल्याचा दाखला देणारे कोणी तरी असावे. आणि पडझडीचा पंचनामा ग्रामसभेत, स्त्रियांच्या उपस्थितीत वाचून दाखवल्याशिवाय अंतिम होऊ नये.

डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंभा राज्याची कल्पना मांडली, तीत गाव हा पहिला खांब होता. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत ग्रामीण गृहनिर्माण हा पंचायतींचा विषय म्हणून नमूद केला. खांब कागदावर उभा आहे. त्याच्याखाली पैसा आणि तंत्रज्ञान ह्यांचा पाया भरायचा राहून गेला. अधिकाराविना जबाबदारी दिली की पंचायत ही केवळ शिक्के मारण्याची जागा उरते.

हे काम निवेदनांनी होणार नाही. कार्यकर्त्यांनी मृग लागण्यापूर्वी आपापल्या गावातील घरे पाहावीत: कोणती भिंत फुगली आहे, कोणत्या छपराला टेकू हवा, कोठे एकटी वृद्ध स्त्री राहते. जाणत्या गवंड्याला बरोबर घ्यावे. ती यादी ग्रामसभेत वाचावी, ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावी आणि किती दिवसांत कोण आले ह्याची नोंद ठेवावी. भिंत पडल्यानंतरच्या पंचनाम्याला शासन येतेच. भिंत पडण्यापूर्वी त्याला यायला लावणे, हे ह्या चळवळीचे काम आहे.