भिंत पाडण्यापूर्वी

खाली पेढी, वर निवास ही जळगाव-धुळ्याच्या जुन्या पेठांतील परिचित रचना. पेढी प्रशस्त व्हावी म्हणून मधली भिंत काढण्याचा किंवा धाबे उतरवून स्लॅब टाकण्याचा विचार होतो. घर स्वतःचे, मग परवानगी कशाला, असे तेव्हा हमखास म्हटले जाते.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपर येथील चार मजली इमारत कोसळून 17 जणांचा बळी गेला. तळमजल्यावरील नूतनीकरणात आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. भार कोणती भिंत पेलते, हे गवंड्याच्या अंदाजाने नव्हे, अभियंत्याच्या गणिताने ठरते. खानदेशची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तेथे ही दक्षता अधिकच हवी.

रंग, गिलावा, फरशी यांस मंजुरी लागत नाही. मजला चढविण्यास मात्र 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार मंजुरी आवश्यक आहे. ती नसल्यास पाडकामाची नोटीस येऊ शकते. शास्ती भरली तरी बांधकाम अधिकृत ठरत नाही. मंजूर नकाशात नसलेला मजला तारण ठेवतानाही बँकेत अडचणीचा ठरतो.

वहीतील प्रत्येक नोंदीची पावती जपणाऱ्या घराने मंजूर नकाशाही तितक्याच काळजीने जपावा.