गिरणी बंद पडली, चूल नाही

मागच्या पावसाळ्यात रत्नागिरीजवळच्या एका वाडीत बचत गटाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपल्यावर सत्तरी ओलांडलेल्या एका काकींनी मला थांबवलं आणि पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली. "बाय, ह्यातला कंचा कागद लागंल तो बघ गो," म्हणाल्या. पिशवीत त्यांच्या यजमानांचा गिरणीतला लाल पास होता, पगाराच्या चार पावत्या होत्या, तिकीट नंबर लिहिलेलं एक पिवळं पडलेलं कार्ड होतं. यजमान जाऊन बारा वर्षं झाली. पण हे कागद त्यांनी चाळीस वर्षं ट्रंकेत, उंदीर-वाळवीपासून सांभाळून ठेवलेले.

गिरणी कामगारांना सरकार घरं देतं, त्यासाठीच्या अर्जाचं हे सगळं चाललं होतं. अर्ज मुलाच्या नावाने होता. त्याच कागदांत आणखी एक कागद सापडला. 'माझी काही हरकत नाही' असं त्यावर लिहिलेलं आणि खाली काकींचा अंगठा. "हा कशाचा?" मी विचारलं. "पोरगा बोलला अंगठा दे, दिला," काकी सहज म्हणाल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा वाईट आहे असं मुळीच नाही, आईला तो नीट सांभाळतो. पण त्या पिशवीतले सगळे कागद ज्या बाईमुळे टिकले, तिचं नाव त्यातल्या एकाच कागदावर होतं, आणि तेसुद्धा हक्क सोडण्यासाठी!

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यात ज्याच्या घरचं कोणी गिरणीत नव्हतं असं गाव शोधावं लागेल. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढली आणि पुढे लालबाग, परळ, शिवडी, भायखळा हे सगळं गिरणगाव झालं. ते उभं राहिलं ते बरंचसं कोकणातल्या माणसांच्या जिवावर. एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे आणि महिन्याला मनीऑर्डर पाठवायचे. रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर जगतो असं लोक म्हणायचे. पण ती मनीऑर्डर पुरायची तरी किती? भात लावणं, गुरं, म्हातारीकोतारी, पोरांची शाळा हे सगळं गावात राहिलेली बाई बघायची. म्हणजे गिरणीमालकाला कामगार स्वस्तात मिळत होता, कारण त्याचा अर्धा संसार इथे त्याची बायको फुकट चालवत होती.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कायद्याने बोलणी करण्याचा अधिकार फक्त मान्यताप्राप्त युनियनला होता, आणि कामगार तर दुसरीकडे गेलेले. यंत्रं जुनी झाली होती, भिवंडी-इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, आणि गिरणीपेक्षा गिरणीखालच्या जमिनीला जास्त किंमत येऊ लागली होती. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, तो नुसता विरत गेला.

काकींचे यजमान साचेखात्यात होते. "शिमग्याला आलं ते म्हनालं, गनपतीपातूर सुटंल. गनपती झालं, दिवाळी झाली. मंग मी इचारायचं सोडलं," काकी सांगत होत्या. यजमान ओटीवर बसून राहायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. काकी मात्र बसल्या नाहीत. काजूच्या कारखान्यात गेल्या. काजूच्या तेलाने बोटांची सालं निघायची, त्याच बोटांनी घरी येऊन भाकऱ्या थापायच्या. हंगामात आंब्याच्या पेट्या भरल्या, मधल्या दिवसांत चिरेखाणीवर डोक्यावरून चिरे वाहिले. तीन मुलं शिकवली, एका मुलीचं लग्न केलं.

आता मला सांगा, संपात किती लोक बेकार झाले याचा आकडा आहे. पण त्या बेकारांना वर्षानुवर्षं ज्यांनी पोसलं, त्या बायकांचा आकडा कुठे आहे? सरकारने बेकारभत्ता दिला नाही, तो आपल्या सासवांनी आणि आयांनी दिला.

मुंबईतही वेगळं नव्हतं. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका उधारीवर कामगारांना जेवू घालायच्या. त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. कामगारांचा पगार थांबला तेव्हा यांच्याही चुलीवर गदा आली. आणि एके काळी गिरण्यांत बायकाही मोठ्या संख्येने होत्या, १९२० च्या दशकात साधारण पाच कामगारांत एक बाई असायची. पुढे त्या कमी होत गेल्या, तेव्हा त्यांच्यासाठी संप झाल्याचं आपण कधी ऐकलं का?

आज परळला गेलात तर गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर दिसतात. १९९१ च्या नियमांप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी यायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची ठरली आणि लोकांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. कामगारांच्या घरांची म्हाडाची सोडत २०१२ मध्ये निघाली तेव्हा संपाला तीस वर्षं झाली होती. अर्ज दीड लाखांहून जास्त, घरं त्यामानाने मूठभर. ज्या जागेवर बाप साचा चालवायचा तिथेच मुलगा सिक्युरिटीचा युनिफॉर्म घालून उभा राहतो, अशी घरं आपल्यालाही ठाऊक आहेत.

आणि इकडे? २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटली. चाकरमानी परवडेना म्हणून विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडे सरकला आणि गावातल्या घराला कुलूप लागलं. २०११ ला इथे हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. हा आकडा ऐकून कोणी कौतुक करतं, तेव्हा मला हसू येतं. पुरुष पोटासाठी बाहेर गेलेत आणि मागे बाई राहिली आहे, एवढाच त्याचा मोठा अर्थ!

काही जणी म्हणतील, "अहो, नाव कशाला हवं? सगळं घरातच तर आहे." मीही पूर्वी असंच म्हणायचे. पण सातबारावर नाव नसेल तर बाईला पीककर्ज मिळत नाही, वादळात बाग गेली तर भरपाई तिच्या हातात येत नाही. चार वाटेकऱ्यांत जमीन विकायची ठरली तर तिला कोणी विचारतसुद्धा नाही. घर चालवायची वेळ येते तेव्हा ती मालकीण असते, सही करायची वेळ आली की ती कोणीच नसते.

म्हणून मोर्चे काढा असं मी सांगत नाही, साधी कामं सांगते. ग्रामपंचायतीच्या नोंदीत घर नवरा-बायको दोघांच्या नावाने करता येतं. जमीन यजमानांच्या स्वतःच्या नावावर असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत बायकोचं नाव सातबारावर लागू शकतं. आपल्याकडे सातबारावर पन्नास नावं असतात, तिथे काम अवघड आहे, पण निदान वारसनोंद करताना आई आणि बहिणींची नावं गाळू नका. २००५ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचाही मुलाइतकाच हक्क आहे. आणि हरकत नसल्याचा किंवा हक्कसोडीचा कागद समोर आला, तर तो कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. मगच अंगठा उठवा.

परवा काकींच्या मुलाशी फोनवर बोलले. आधी तो जरा नाराज झाला. मी एवढंच विचारलं, "तुझे बाबा घरी बसले तेव्हा तुझ्या शाळेची फी कोणी भरली रे?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "ताई, आईचं नाव पुढे लावायचं असेल तर काय करावं लागेल?"

कचेरीत पुढच्या आठवड्यात जायचं ठरलं आहे. काकी पिशवी घेऊन येणार आहेत. या वेळी अंगठा नाही, सही करणार म्हणतात. पाटीवर गिरवणं सुरू आहे.