भिंतीवरचं कार्ड कुणासाठी?

ईद जवळ आली की शाळेशाळेत शुभेच्छापत्रांच्या स्पर्धा लागतात. दिवाळीला, संक्रांतीला, शिक्षकदिनालाही लागतात. मुलं रंगीत कार्डशीट आणतात, चाँद कापतात, चमकी चिकटवतात. पहिला, दुसरा, तिसरा नंबर निघतो. कार्डं दोरीला टांगून फोटो काढतात, फोटो ग्रुपवर जातो. आठवड्याभरात कार्डं रद्दीत.

मीही परीक्षक म्हणून बसले आहे. एका कार्डावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'दूरच्या प्रिय मित्रास'. मी त्या मुलाला विचारलं, "कोण रे हा मित्र?" तो गोंधळला. म्हणाला, "टीचर, नमुन्यात तसंच होतं."

माझं भांडण इथंच आहे. ज्याला पाठवायचं तो माणूसच नसेल, तर ते शुभेच्छापत्र नव्हे. तो कार्यानुभवाचा तास झाला. आणि दोष मुलांचा नाही, आम्हा शिक्षकांचा आहे.

मी साताऱ्यात चौथीत असताना माझ्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली सांगलीला झाली. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण दहा वर्षांच्या पोरीला ती विलायतच. दोघींच्याही घरी फोन नव्हता. ईदला मी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मशीद काढली आणि वर उर्दूत, खाली मराठीत 'ईद मुबारक' लिहिलं. संक्रांतीला तिचं कार्ड आलं. आत कागदाच्या पुडीत हलवा होता, टपालाचे शिक्के खाऊन त्याचा भुगा झालेला. वर माझं नाव होतं, उर्दूत! माझ्या वहीतून तिनं कधीतरी उतरवून घेतलेलं. पण डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर सुटं. अब्बा पोट धरून हसले. मग म्हणाले, "हे जपून ठेव. तुझ्यासाठी एवढी मेहनत कोण घेतं?"

आता लोक दोन आक्षेप घेतात. पहिला, कार्ड ही इंग्रजांची नक्कल. बरोबर आहे. नाताळचं पहिलं छापील कार्ड 1843 मध्ये लंडनला निघालं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाहोर आणि मुंबईचे छापखाने ईदची कार्डं छापू लागले. विलायती नाताळच्या कार्डांवर उर्दू मजकूर छापून ती ईदची म्हणूनही विकली गेली. आणि पाकिटात तिळगूळ घालून पाठवण्याची रीत तर इथल्याच घरांची. वस्तू कुठून आली यापेक्षा आपण तिचं काय केलं, हे महत्त्वाचं.

दुसरा आक्षेप, फोन असताना हा उपद्व्याप कशाला? फोन मीही वापरते. पण ईदच्या सकाळी काबा शरीफचा एकच फोटो दोनशे जणांना ढकलायचा, यात आपण कुणाची आठवण काढली? पाठवणाऱ्यानं नाव वाचलं नाही, घेणाऱ्यानं चित्र पाहिलं नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर चित्रांनी आणि मजकुरांनी काय केलं, ते आपण पाहिलं आहे. मिरजेत 2009 च्या गणेशोत्सवात एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर 2023 मध्ये समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव मशिदीत घुसला आणि एका तरुणाचा जीव गेला. एखाद्या कार्डानं हे थांबलं असतं, असं म्हणण्याइतकी मी भाबडी नाही. पण समोरच्या वस्तीत ज्याचं अक्षर आपण ओळखतो असं एकही माणूस नसणं, ही जमावाची सोय असते. ती सोय शाळेतच होते. उर्दू शाळेतल्या मुलाला त्याच गावातल्या मराठी शाळेतलं एक नाव माहीत नसतं. तिकडेही तेच. आमच्या मोहल्ल्यातल्या पालकांनाही त्याची खंत नसते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नंबर काढणं बंद करा. मिरजेतल्या उर्दू शाळेच्या एका वर्गानं साताऱ्यातल्या मराठी शाळेचा एक वर्ग जोडून घ्यावा. प्रत्येक मुलाला एक नाव द्यावं. त्यानं ते नाव दोन्ही लिप्यांत लिहावं, चुकलं तरी चालेल. कार्ड शाळेच्या पत्त्यावर जाऊ द्या, म्हणजे घरच्या पत्त्याची काळजी नको. साध्या पाकिटाला पाच रुपयांचं तिकीट पुरतं.

पत्त्याखाली पिनकोड लिहायला शिकवा: सातारा 415001, सांगली 416416. आणि हेही सांगा, की ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली, ती श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत जाणणाऱ्या मराठी अधिकाऱ्यामुळे. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले पत्ते, यांमुळे पत्रं चुकत होती. म्हणजे लिपी वेगळी असली तरी पत्र पोचलं पाहिजे, ही काळजी टपालखात्यानं पन्नास वर्षांपूर्वीच घेतली. आपण शाळावाले अजून दोरीच बांधतोय.

उत्तर येईल, किंवा येणार नाही. वाट पाहणं हाही अभ्यासक्रमच समजा.

यंदा मला परीक्षक म्हणून बोलावू नका. पाकिटं आणि तिकिटं आणून ठेवा, पत्ते लिहून घ्यायला मी येते.