सोसायटीचें दप्तर आणि बँकेचें दप्तर : रात्रींची मिळवणी

गांवच्या सोसायटीचा जमाखर्च संगणकावर चढला म्हणजे शेतकऱ्याच्या मागचीं कागदाचीं विघ्नें संपलीं, अशी समजूत हल्ली पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडते. केंद्र सरकारनें सन २०२२ च्या जून महिन्यांत देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली व त्यासाठीं २,५१६ कोटि रुपयांची तरतूद केली. हें काम स्तुत्य आहे, यांत वाद नाहीं. सन १९०४ च्या कायद्यान्वयें या देशांत सहकारी पतपेढ्या निघाल्या, तेव्हांपासून चिटणीसाच्या हातची रोजकीर्द हीच संस्थेची अब्रू होती. ती आतां यंत्राच्या स्वाधीन होत आहे. परंतु एका प्रश्नाकडे जितकें लक्ष पोंचावयास पाहिजे तितकें पोंचलेलें नाहीं, असें आमचें मत आहे. सोसायटीचें दप्तर एका संगणकांत आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेचें दुसऱ्या संगणकांत, अशी स्थिति जेथें आहे, तेथें एकांतील नोंद दुसऱ्यांत केव्हां, कशी व कोणाच्या जबाबदारीवर जावयाची, हा तो प्रश्न होय.

याची तजवीज बहुधा अशी करतात. रोज रात्रीं एक वेळ मुक्रर केलेली असते. त्या वेळीं यंत्र आपोआप जागें होतें, सोसायटींतील नव्या नोंदी गोळा करतें, बँकेच्या सॉफ्टवेअरला समजतील अशा सांच्यांत त्या बसवितें आणि तिकडे पाठवून देतें. पूर्वीं शिपाई दप्तर बांधून तालुक्याच्या शाखेंत जात असे, त्याचेंच हें काम. ठरल्या वेळीं काम सुरू करण्याची ही युक्ति कांहीं नवी नव्हे. युनिक्स नांवाच्या संगणकप्रणालींत ती सन १९७० नंतरच्या दशकापासून आहे. मात्र शिपाई वाटेंत ओढ्याच्या पुरानें अडकला तर संध्याकाळपर्यंत सर्व गांवास कळत असे. यंत्र अडकलें तर तें कोणास सांगत नाहीं. यांतच सगळी मेख आहे.

हा केवळ हिशेबनिसांचा विषय नव्हे. तीन लक्ष रुपयांपर्यंतच्या अल्प मुदतीच्या पीककर्जावर व्याजाचा दर सात टक्के असून, जो सभासद मुदतींत परतफेड करील त्यास केंद्र सरकारकडून तीन टक्के सवलत मिळते. महाराष्ट्रांत डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची जोड मिळून असें कर्ज मुदतींत फेडणारास बिनव्याजी पडतें. म्हणजे एक लक्ष रुपयांच्या वर्षभराच्या कर्जावर सात हजार रुपयांचा भार असावा कीं नसावा, हें भरण्याच्या तारखेवर ठरतें. खरिपाच्या कर्जाची मुदत बहुशः ३१ मार्चला संपते. शेतकरी तूर विकून, प्रसंगीं सोयऱ्याकडून उसनवार आणून, तीस तारखेस सोसायटींत रक्कम भरतो व पावती घेऊन घरीं जातो. त्या रात्रीं इंटरनेटचा तार तुटला आणि नोंद बँकेंत दोन एप्रिलला पोंचली, तर बँकेच्या दप्तरीं तो मनुष्य थकबाकीदार होतो. त्याच्या हातांत पावती आहे. परंतु सवलतीची यादी पावत्यांवरून होत नाहीं, संगणकांतील तारखेवरून होते.

सबब पहिली गोष्ट ही कीं, प्रत्येक नोंदीबरोबर दोन तारखा निरनिराळ्या गेल्या पाहिजेत : पैसा सोसायटींत भरला ती एक, आणि नोंद बँकेंत पोंचली ती दुसरी. व्याज व सवलत यांचा हिशेब पहिल्या तारखेवरच व्हावा. पुष्कळ सॉफ्टवेअरांत पोंचण्याची तारीख हीच व्यवहाराची तारीख धरली जाते, कारण बनविणारास तें सोयीचें असतें. ही सोय शेतकऱ्याच्या खर्चानें होते, हें आम्हीं स्पष्ट सांगतों. दुसरी एक बारीक गोष्ट तज्ज्ञांसही चकविते. अनेक संगणक आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेवर लाविलेले असतात आणि आपली वेळ तिच्या साडेपांच तास पुढें आहे. अशा यंत्रास "रोज मध्यरात्रीं" असें सांगून ठेविलें, तर तें आपल्या पहांटे साडेपांच वाजतां कामास लागतें. आणि एक एप्रिलच्या पहांटे चार वाजतां मोबाइलवरून भरलेली रक्कम तें ३१ मार्चची म्हणून नोंदवितें. लेखापरीक्षकानें पुढें हरकत घेतली म्हणजे सेक्रेटरी बिचारा निरुत्तर.

आतां खंड पडलेल्या रात्रीविषयीं. नोंदी गोळा करतांना यंत्रास जर "आजच्या तारखेच्या नोंदी ने" असें सांगितलें असेल, तर जी रात्र चुकली तिच्या नोंदी कायमच्याच मागें राहतात. कारण दुसऱ्या रात्रीं "आज" हा शब्द पुढच्या दिवसाचा झालेला असतो. "मागील फेरी जेथवर सुखरूप पोंचली, तेथपासून पुढच्या सर्व नोंदी ने", अशी आज्ञा असावयास पाहिजे. जुन्या नोंदींत मागाहून दुरुस्ती झाली, तर तीहि या दुसऱ्या रीतीनें धरतां येते, मात्र दुरुस्तीची वेळ यंत्रानें टिपून ठेविली असली पाहिजे. पहिली रीत लिहावयास सोपी म्हणून ती सररास आढळते. फरक दोन शब्दांचा. परिणाम मात्र सभासदाच्या खात्याला भोगावा लागतो.

उलट पक्षीं, अडलेली फेरी पुन्हां चालविली म्हणजे कांहीं नोंदी दुबार जाण्याचें भय असतें. त्यावर उपाय घरचाच आहे. प्रत्येक पावतीस क्रमांक असतो. एका संस्थेचा एक क्रमांक बँकेनें एकदांच स्वीकारावा, दुसऱ्यांदा आला तर निमूटपणें बाजूस ठेवावा. मग फेरी दहा वेळां चालविली तरी बिघडत नाहीं.

सभासदांच्या ओळखीचा घोळ मात्र इतका सोपा नाहीं. सन २०१७ मध्यें छत्रपति शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखालीं दीड लक्ष रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हां शेतकऱ्यांनीं भरलेले अर्ज एकीकडे व बँकांनीं दिलेल्या याद्या दुसरीकडे, अशी गत झाली. त्या दोन्ही परस्परांशीं जुळेनात, आणि दुरुस्त्या करण्यांत महिने गेले. एकाच मनुष्याचें नांव सातबाऱ्यावर एक, रेशनकार्डावर दुसरें आणि सोसायटीच्या खात्यांत तिसरें, हा आपल्याकडील नित्याचा प्रकार. सन २०१९ च्या अखेरीस आलेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ति योजनेंत आधार क्रमांकावर भर दिला गेला, तो या अनुभवानंतर. दोन दप्तरांमध्यें वाहतूक सुरू करण्यापूर्वीं सभासदांची यादी एकदां समोरासमोर बसून, नांवानिशीं, मिळवून घ्यावी. हें काम यंत्राचें नव्हे. गटसचिव आणि बँकेचा निरीक्षक यांनीं चार दिवस खर्ची घातल्याशिवाय तें होणार नाहीं. हीच गोष्ट खताच्या दुकानालाहि लागू आहे. सन २०१८ पासून खतावरील अनुदान यंत्रावर नोंदलेल्या विक्रीप्रमाणें कंपनीस मिळतें, त्यामुळें गोदामांतील पोतीं, दुकानाचें दप्तर आणि विक्रीयंत्र या तिहींतील शिल्लक एक असावी लागते. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

कांहीं सुशिक्षित मंडळी म्हणतात कीं, रात्रीची वाट कशाला पाहावी, पावती फाडतांक्षणीं नोंद बँकेंत जावी. शहरांतील पेढीस हें शोभेल. जेथें वीज दुपारीं जाते आणि नेटवर्क ढगाबरोबर येतें-जातें, तेथें प्रत्येक पावती बँकेच्या होकारासाठीं अडवून धरणें म्हणजे शेतकऱ्यास उन्हांत उभें करणें होय. शिवाय दिवसाचा व्यवहार एकत्र नेण्यांत एक मोठा गुण आहे : त्याची मिळवणी करतां येते. आमचे जुने कारकून दिवस बंद करतांना तेरीज घालीत व ती मिळाल्याखेरीज उठत नसत. तीच शिस्त येथें आणावी. सोसायटीच्या यंत्रानें कळवावें कीं आज बेचाळीस पावत्या व एकूण ६,१८,५०० रुपये पाठविले. बँकेच्या यंत्रानें आपल्याकडे उतरलेल्या पावत्या मोजून, बेरीज करून, तोच आंकडा उलट सांगावा. न जुळल्यास सेक्रेटरी, शाखाधिकारी व चेअरमन या तिघांच्या मोबाइलवर त्याच रात्रीं निरोप जावा. आणि जुळलें तरीहि निरोप जावा. कारण निरोपच आला नाहीं तर सर्व ठीक आहे असें मानण्याची संवय लागते, आणि निरोप धाडणारें यंत्रच बंद पडलें असेल तर तें कळणार कसें? मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत मात्र एका फेरीवर विसंबूं नये, दर तासास फेरी ठेवावी.

जबाबदारीबद्दल लिहिल्यावांचून राहवत नाहीं. नोंद हरवली म्हणजे सॉफ्टवेअरवाला बँकेकडे बोट दाखवितो, बँक सोसायटीकडे, आणि सोसायटीचा सेक्रेटरी इंटरनेटकडे. या तिघांच्या भांडणांत ज्याचा संबंध नाहीं तो सभासद मात्र व्याज भरतो. म्हणून व्यवस्थापक समितीनें ठराव करून फेरीची वेळ, मिळवणी पाहणाऱ्या इसमाचें नांव आणि चूक दुरुस्त करण्याची मुदत हीं कागदावर आणावीं; आणि सोसायटीची शिक्कामोर्तब पावती ही तारखेपुरती निर्णायक धरली जाईल, असें बँकेकडून लेखी घ्यावें. बँका यास कुरकुर करतील. पण सोसायटी ही बँकेची सभासद आहे, आश्रित नव्हे, आणि बँकेच्या वार्षिक सभेंत हा प्रश्न विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

ज्या संस्थांत ही योजना नुकतीच सुरू झाली असेल, त्यांनीं फेब्रुवारी महिन्यांत एके रात्रीं, बँकेस आगाऊ सांगून, इंटरनेटचा तार मुद्दाम काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणाकोणास निरोप आला, राहिलेल्या पावत्या त्या रात्रीं पुऱ्या पोंचल्या काय, व त्यांवर तारीख कोणती पडली, हें पाहून घ्यावें. दुरुस्तीला मार्च येईपर्यंत अवकाश राहतो.