खाली सही करा

आमच्या पुतण्याच्या मुलाचा खांदा जिममध्ये निखळला. बाकावर आडवा होऊन वजन उचलत होता, बार सावरायला मागे कोणी नव्हतं. ट्रेनर बाहेर फोनवर बोलत उभा. ही गोष्ट इथलीच, आमच्या मोहन्यातली.

मी जाब विचारायला गेलो, तर मालक माझाच जुना विद्यार्थी निघाला. पाया पडला, चहा मागवला आणि फाईलमधून एक कागद काढून पुढे ठेवला. "सर, त्याची सही आहे ना!"

कागद इंग्रजीत, अक्षरं मुंगीएवढी. तात्पर्य एवढंच की काहीही झालं, अगदी जिमच्या निष्काळजीपणामुळे झालं, तरी जिम जबाबदार नाही. पोराने तो वाचलाच नव्हता. फी भरताना पुढे सरकवलेला कागद कोण वाचतो?

मंडळी, सही केली म्हणजे सगळं संपलं, ही समजूत आधी डोक्यातून काढा. दिल्लीच्या ताज महाल हॉटेलात १९९८ साली एका पाहुण्याने गाडी लावायला दिली, ती चोरीला गेली. पावतीवर छापलेलं होतं, गाडी मालकाच्या जोखमीवर. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की हॉटेलच्या स्वतःच्या निष्काळजीपणावर या ओळीचं पांघरूण घालता येणार नाही. गाडीला जर एवढं संरक्षण, तर माणसाच्या खांद्याला का नको?

मोहन्याच्या लोकांना तर हे वेगळं सांगायला नको. एनआरसी कंपनी २००९ मध्ये बंद पडली, पण तोवर इथल्या घराघरात कामगार होता. कामगार भरपाईचा कायदा १९२३ सालचा, इंग्रजांच्या राजवटीतला. त्याचं सतरावं कलम म्हणायचं की कामगाराने भरपाईचा हक्क सोडल्याचा करार लिहून दिला, तरी तो रद्दबातल. गरजू माणूस कशावरही सही करतो, हे तेव्हाच्या सरकारलाही कळत होतं!

मालकाची बाजूही सांगतो. व्यायामात धोका असतोच. कोणी छातीचं दुखणं लपवतो, कोणी मित्रांसमोर ऐट दाखवायला झेपत नाही ते उचलतो. त्याचा दोष जिमवर टाकू नये. पण गंजलेली तार, सैल बोल्ट, जागेवर नसलेला ट्रेनर, हा व्यायामाचा धोका नव्हे. ती कामचुकारी आहे, आणि तिची फी आपण भरतो.

आता स्वतःचंही सांगितलं पाहिजे. सहलीआधी आम्ही पालकांकडून पत्र घ्यायचो, 'माझ्या पाल्यास काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही.' मजकूर मीच फळ्यावर लिहायचो. एका सहलीत सातवीतला मुलगा किल्ल्याच्या पायऱ्यांवरून घसरला, हात मोडला. मुख्याध्यापकांनी पहिलं विचारलं, "त्याचं पत्र आहे ना?" होतं. मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं आजही टोचतं, कारण मी रांगेच्या पुढे होतो आणि मागे एकही शिक्षक नव्हता. पत्र खिशात असलं की माणूस मागे वळून बघत नाही. या कागदांचं खरं नुकसान हेच.

कागद हवाच असेल तर मराठीत घ्या, आणि त्यात तुमचीही बाजू लिहा. ट्रेनरचं नाव, त्याचं शिक्षण, यंत्रं कधी तपासली, सभासदांचा विमा आहे का. खाली मालकाने सही करावी. हे मी त्याला म्हटलं, तर तो हसला. "सर, असं कोण लिहून देतं?"

वर्गात त्याला एवढंच शिकवायचं राहून गेलं बहुतेक.

असो. आम्ही ग्राहक आयोगाकडे तक्रार करणार आहोत. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, वकील लागतोच असं नाही. माहितीसाठी १९१५ वर फोन करता येतो. तुमच्या घरातलं कोणी जिमला जात असेल, तर त्याने कशावर सही केली आहे ते आज रात्री जेवताना जरूर विचारा.