आरोग्यविचार : औषध केव्हां, धीर केव्हां ?

‘सासूबाईंच्या बेडक्यांत जंतु निघाले, औषध आजच सुरू करावें कीं थांबावें?’ असें एका भगिनीनें आम्हांस विचारलें आहे. प्रथम ते जंतु कोणते हें पाहावें. माती व पाणी यांत राहणारे ‘क्षयेतर मायकोबॅक्टेरिया’ सूक्ष्मदर्शकाखालीं क्षयजंतूंसारखेच दिसतात. परंतु ते सहसा एकाकडून दुसऱ्यास जडत नाहींत. म्हणून जंतूंची वाढ करवून त्यांची जात ओळखविणें अवश्य आहे.

असे जंतु एकदां आढळल्यानें रोग ठरत नाहीं. लक्षणें, छातीचें सीटी-चित्र आणि निरनिराळ्या वेळच्या दोन बेडक्यांत वाढलेले जंतु, या तिहींची साक्ष सामान्यतः जुळावी लागते. ती जुळून फुफ्फुसांत पोकळीही असेल, तर विलंब करूं नये, असा अमेरिका व युरोपांतील तज्ज्ञसंस्थांचा २०२० सालचा सल्ला आहे. दुखणें सौम्य असल्यास मात्र तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं थांबणें ही हयगय नव्हे. कारण उपचार दीर्घ आहे : ‘ॲव्हियम’ गटाच्या जंतूंवर बहुधा तीन औषधें, तींही बेडका जंतुरहित झाल्यानंतर निदान १२ महिने. त्यांपैकीं इथाम्ब्युटॉल दृष्टीस बाधूं शकतें.

फुफ्फुसरोगतज्ज्ञास निःसंकोच विचारावें : असे रोगी आपण पाहिले आहेत काय? जंतूंची जात कोठें ओळखवितां? सुज्ञ वैद्य अशा प्रश्नांनीं रुष्ट होत नाहीं. आणि निर्णयाच्या वेळीं सासूबाईंनाही जवळ बसवावें. औषध घ्यावयाचें आहे तें त्यांना.