राजीखुशीचा कागद आणि सातबाऱ्यावरचे नाव

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे खांबलिंगेश्वराची, म्हणजे लोकांच्या म्हसोबाची, यात्रा भरते. बैलबाजारासाठी ही यात्रा पिढ्यान्‌पिढ्या ख्यात आहे. बैलाचे दात पाहायचे, चाल पाहायची, खोड विचारायची आणि मनसोक्त घासाघीस करूनच दावे हाती घ्यायचे, ही बाजाराची रीत. जनावराच्या व्यवहारात एवढी खबरदारी घेणारा हाच समाज, घरची सून कायमची माहेरी निघते तेव्हा मात्र चार प्रतिष्ठितांच्या बैठकीत तासाभरात निकाल लावून मोकळा होतो. काही रक्कम तिच्या बापाच्या हाती ठेवायची, मुद्रांकावर 'आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त होत आहोत' असे वाक्य लिहायचे, खाली सही किंवा अंगठा घ्यायचा. झाला काडीमोड!

झाला का खरोखर? हिंदू विवाह कायद्याचे कलम २९(२) रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला मान्यता देते; पण त्या जातीत अशी रूढी प्राचीन व अखंड आहे, हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते सिद्ध झाले नाही, तर पाचशे रुपयांचा तो मुद्रांक विवाहबंधन तोडू शकत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती पत्नीच राहते. नवऱ्याने दुसरी केली, तर तो दुसरा विवाह निरर्थक ठरतो.

परंतु म्हणून तो कागद निरुपद्रवी आहे असे मात्र नव्हे. पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. परस्परसंमतीने वेगळी राहणारी पत्नी पोटगीस पात्र नाही, असे हे कलम म्हणते. आता 'राजीखुशी' या शब्दाकडे पुन्हा पाहावे. घटस्फोट देण्याचे सामर्थ्य नसलेला तो कागद पोटगी अडवण्यापुरता बरोबर उपयोगी पडतो! मजकूर सांगणाऱ्या गावकऱ्याला हे ठाऊक नसेलही. लिहून देणाऱ्याला ते ठाऊक नसते, असे मानणे भोळेपणाचे ठरेल.

मुलांची गोष्ट तर त्याहून स्पष्ट आहे. अज्ञान अपत्याच्या पोषणाचा हक्क अपत्याचा असतो; आईने कोणत्याही कागदावर अंगठा उठवला तरी तो जात नाही. नवरा भिवंडीच्या गोदामात कामाला असो वा मुंबईत, पत्नी राहते त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज, शक्यतो, नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढावा असे कायदा सांगतो. 'रजनेश विरुद्ध नेहा' या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्तेचे व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असा दंडक घातला. थकलेली पोटगी मात्र देय झाल्यापासून वर्षाच्या आत मागावी लागते. एवढी एक तारीख चुकली, तर या कलमाखालची वसुली बुडते.

पण पोटगी म्हणजे वाटा नव्हे, आणि खरे दुखणे येथेच आहे. भातलावणीला वाकलेली पाठ तिची, बांधावरची तूर तिची, गोठ्यातले शेण तिने काढलेले. सातबाऱ्यावर नाव त्याचे. घटस्फोटाच्या वेळी मालमत्तेचा निवाडा करणारे हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ केवळ विवाहप्रसंगी मिळालेल्या, उभयतांच्या वस्तूंपुरते आहे. संसारात वाढलेल्या घरादाराला ते स्पर्श करत नाही. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीचा पैसा झाला आणि तो खातेदाराच्या खात्यात जमा झाला. ज्या घरांत सून आधीच माहेरी धाडलेली होती, तेथे तिने राबलेल्या खाचराचा मोबदला मागायला तिच्याजवळ कोणता उतारा होता?

आहे त्या कायद्यातही एक हत्यार आहे. कलम २५ नुसार कायम पोटगीचा बोजा पतीच्या स्थावर मिळकतीवर ठेवता येतो. असा हुकूम मागून घ्यावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद करून घ्यावी. मग जमीन परस्पर विकणे सोपे राहत नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलामुलींचा जन्मसिद्ध हिस्साही आईबापांच्या घटस्फोटाने संपत नाही. मुलींसाठी महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच केले, देशाने २००५ मध्ये.

पत्नीला वाटा दिला तर कुटुंबे मोडतील, अशी हाकाटी नेहमी होते. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी संहितेनुसार, वेगळा करार नसेल तर, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते. विभक्त होताना निम्मी निम्मी होते. पत्नीच्या संमतीवाचून पतीला स्थावर विकता येत नाही. १९६१च्या मुक्तीनंतरही हा कायदा टिकला. गोव्यातील हिंदू कुटुंब त्यामुळे उद्ध्वस्त झाले काय? पत्नीला सहधर्मचारिणी म्हणायचे आणि हिशेबाची वेळ आली की परकी ठरवायचे, हा दुटप्पीपणा संस्कृतीच्या नावावर खपवता येणार नाही.

तथाकथित पुरोगामी मंडळी समान नागरी कायद्याचे नाव निघताच मतपेढीच्या भयाने मौन धारण करतात, हे शाहबानो प्रकरणापासून देश पाहत आला आहे. पण त्या कायद्याचा आग्रह धरणाऱ्यांनीही तो तलाक आणि बहुपत्नीत्वापुरता आखडून ठेवला आहे, हेही सांगितले पाहिजे. पतीच्या मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने ऑगस्ट २०१३ मध्ये संमत केले. २०१४ मध्ये लोकसभेबरोबर ते व्यपगत झाले. सत्तांतर होऊनही ते कोणी पुन्हा उचलले नाही. आणि मुरबाड-शहापूरच्या ठाकूर, कातकरी, महादेव कोळी भगिनी तर अनुसूचित जमाती म्हणून हिंदू विवाह व वारसा या दोन्ही कायद्यांच्या बाहेरच आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वारसा कायद्यातील या अपवादाचा विचार करण्यास केंद्राला सुचवले. त्यानंतर आलेल्या उत्तराखंडच्या समान नागरी संहितेनेही जमातींना वगळलेच. पोटगीचे कलम व २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा तेवढे त्यांना इतरांसारखेच लागू आहेत, हे पाड्यापाड्यावर सांगायला हवे.

गंमत अशी की, शासनाला हे जमते. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहिताच्या वनपट्ट्यावर पतिपत्नी दोघांचीही नावे चढतात. तशी कलम ४(४)ची सक्तीच आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, बांधापलीकडच्या खाचराच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचे एकट्याचे नाव असते. पतीने अर्ज केल्यास तेथेही पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावण्याची सोय महाराष्ट्रात लक्ष्मी मुक्ती योजनेने १९९२ पासून आहे. अर्ज करायचा तो मात्र पतीने.